डावीकडचा शॉकअप

आमचे घरमालक बसलेले मी अडीच वर्षांत दोनदाच पाहिले. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत, आणि तिथूनही अर्धी दाढी झाल्यावर ते उठले, कारण दुकानाचं शटर कुठं अडकतंय ते त्यांना बघायचं होतं. दुसऱ्यांदा कधी, ते पुढं सांगतो. मोटारसायकलवर बसणं ते बसण्यात धरत नसत.

घर पंचवटीत, हिरावाडीच्या बाजूला. खाली ते आणि काकू, वर एक खोली आणि गच्ची, ती माझ्याकडं. मोबाईल अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी एका कॉलेजात तासांवर कॉमर्स शिकवत होतो आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. खोली बघायला गेलो तेव्हा मी त्यांना बजावलं की मला अभ्यासाला शांतता लागते. ते ‘हो हो’ म्हणाले आणि तेवढ्यात बोटाच्या पेरानं माझ्या दाराची चौकट वाजवू लागले. टक, टक, टक. मग म्हणाले, ‘‘बिजागरी सैल आहे.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते स्क्रू पिळायला हजर झाले, आणि माझी शांतता जी गेली ती गेलीच.

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मेंटेनन्सचं काम केलं होतं. बंद पडलेल्या मशीनवर लहान हातोडीनं टिचक्या मारायच्या, कान लावायचा आणि तडा कुठं गेलाय ते सांगायचं, ही त्यांची ख्याती. कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. माणूस घरी आला, पण हात काही घरी यायला तयार नव्हते. ती पितळी हातोडी कायम त्यांच्या पायजम्याच्या खिशात असायची. गच्चीची टाकी, जिन्याचा कठडा, नारळ, कलिंगड, शेजाऱ्यांचं गेट, सगळं वाजवून बघायचे. पेपर येरझाऱ्या घालत वाचायचे. जेवणसुद्धा उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. वरणाची वाटी हातात घेऊन ते अंगणात नळाची गळती बघत उभे आहेत, हे दृश्य मला रोजचं होतं.

‘‘धड लोखंड घणघणतं, सर,’’ ते मला सांगायचे, ‘‘आणि तडा गेलेलं बद्द बोलतं. लोखंडाला खोटं बोलता येत नाही.’’ वयानं मी त्यांच्या मुलासारखा, पण मला ते ‘सर’च म्हणत. एक व्याख्यान मी खोलीत मोठ्यानं वाचून बघत होतो, ते त्यांनी दारात उभं राहून ऐकलं आणि मान हलवून म्हणाले, ‘‘चांगलं आहे. मध्ये थोडं सैल आहे.’’ मला राग आला. रात्रभर चिडचिड केली आणि सकाळी वाचून पाहिलं तर मधला भाग खरंच सैल होता. आता नाशिकरोडला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, आणि तिथलं एखादं दार कुरकुरलं की माझ्या तोंडून तेच निघतं. बायको म्हणते, हे कुणाचं उचललंत? मी म्हणतो, होते एक.

काकू अगदी उलट्या. त्या सकाळी शिलाई मशीनपुढं बसत त्या दुपारपर्यंत हलत नसत. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायच्या. काकूंचं माहेर सायखेड्याचं, आणि शहरात पंचवीस वर्षं काढूनही बोलणं तिथलंच राहिलं होतं. चष्म्यावरून माझ्याकडं बघत एकदा म्हणाल्या, ‘‘यांच्या पायाला भिंगरी हाय, सर. सप्तपदीला भटजींनी सात पावलं सांगितली, हे अकरा चालले. मला ओढत नेलं पुढं.’’ आणि हसल्यासुद्धा नाहीत, सुई ओवत राहिल्या.

या दोघांमध्ये एक गोष्ट सामाईक होती, ती म्हणजे मोटारसायकल. गाडी बावीस वर्षांची जुनी. किक मारायला दोन माणसांचा जोर लागायचा आणि चालू झाली की माझ्या खोलीतल्या कपबश्या वाजायच्या. दर रविवारी सकाळी ते तिला पुढच्या चाकापासून मागच्या नंबरप्लेटपर्यंत हातोडीनं वाजवून काढत. मग काकू मागं बसत आणि दोघं सायखेड्याला जाऊन येत. काकूंच्या भावाचं घर तिथं होतं, आईही होती. आठवडाभर न हलणारी ही बाई रविवारी गाडीवर मात्र राणीसारखी बसायची. आठवड्यातून तेवढंच त्यांचं एकमेकांना लागून बसणं, असं मला वाटतं. बाकीच्या दिवसांत हे हातात सापडले तर ना.

मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी तो अपघात झाला. भावाची वास्तुशांत होती, निघायला उशीर झालेला. औरंगाबाद रोडनं चांदोरीच्या अलीकडं एक खड्डा आला आणि डावीकडचा शॉकअप गेला. ज्याला गाडीतलं कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. मागच्या चाकाला दोन बाजूंनी धक्के झेलणारे दोन शॉकअप असतात, आणि त्यांचं वरचं टोक गाडीच्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या एकेका लोखंडी खुंटात अडकवलेलं असतं. त्यातला डावा खुंट मुळातून तुटला. शॉकअप लोंबकळला, मागची बाजू डावीकडं खचली, आणि त्याच बाजूला पाय सोडून बसलेल्या काकू लाडवांच्या डब्यासकट रस्त्यावर आल्या. कोपर सोललं आणि मनगट मुरगळलं, तेवढ्यावर निभावलं.

पण त्या दिवसापासून काकू गाडीवर बसेनात. भांडण नाही, आदळआपट नाही. गाडी चार दिवसांत द्वारकेजवळच्या वेल्डरकडून जोडून आली. रविवारी काकांनी किक मारली, तर काकू पिशवी घेऊन गेटबाहेर पडल्या आणि सरळ निमाणी स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. एसटीनं गेल्या. आणि आमचे काका काय करतात? एसटीच्या मागं मोटारसायकल. स्टँडपासून सायखेड्यापर्यंत, धूळ खात, बस थांबली की थांबायचं, बस निघाली की निघायचं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. कंडक्टरनं एकदा त्यांना हटकलं म्हणे, ‘‘काका, तुमचं काही राहिलंय का गाडीत?’’ काका म्हणाले, ‘‘राहिलंय, पण उतरत नाही.’’

त्यांची समजूत अशी, की काकूंचा वेल्डिंगवर विश्वास नाही. मग काय विचारता. माझ्या गच्चीवर खडूनं आकृत्या सुरू झाल्या. सांगाडा, चाक, बाण, पुन्हा बाण. पूर्वीही दोनदा त्याच खुंटाला तडा गेला होता, तेव्हा वेळेवर लक्षात आला आणि जोडला. तिन्ही वेळा डावाच. उजवा जन्मापासून ठणठणीत.

‘‘का, सांगा,’’ ते खडू नाचवत म्हणाले. मी म्हटलं मला काय माहीत. ‘‘गाडी बनवणाऱ्यानं माणूस धरला दोन्हीकडं पाय टाकून बसणारा. आमच्याकडं बायको साडी नेसून एका बाजूला बसते. बावीस वर्षं सगळा भार एका खुंटावर. वेल्डर बिचारा काय करणार?’’

हे इतकं साधं आणि इतकं खरं होतं की मी चाटच पडलो. तोच माझा घात झाला. मला पटलंय असं दिसताच त्यांनी विचारलं, ‘‘तुमचं वजन किती, सर?’’

‘‘अठ्ठावन्न.’’

‘‘सहा किलो कमी पडतं. बाजरी घेऊ.’’

थोडक्यात, गाडीची चाचणी घ्यायची होती आणि तीही खऱ्या भाराखाली. मी नाही नाही म्हणेपर्यंत मी मागच्या सीटवर होतो, दोन्ही पाय डावीकडं सोडून, बायका बसतात तसा, आणि मांडीवर सहा किलो बाजरीची पिशवी. काका खड्डे निवडून निवडून गाडी घालत होते. आडगाव नाक्यावर चहाच्या टपरीपाशी माझे तृतीय वर्षाचे विद्यार्थी उभे होते. एकानं ग्लास हातात धरून मला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर मोटारसायकल, आणि मागं पदर घेतलेला मी. चित्र चांगलं होतं हे कबूल करायला हवं. मी ते पुसलं आणि ताळेबंद शिकवला, पण त्या वर्षी मला कुणीही गंभीरपणे घेतलं नाही.

खाली आणखी निराळं चाललं होतं. ‘‘सहा किलो बाजरी कशाला?’’ काकूंनी मला विचारलं. मी भोळेपणानं सांगितलं, काकांनी तुमचं वजन चौसष्ट धरलंय.

‘‘चौसष्ट,’’ काकू म्हणाल्या. मशीनचं चाक थांबलं. ‘‘साठ हाय माझं. दवाखान्यात केलंय. बावीस वर्षं मागं बसवलं, आन् एवढं नाय कळलं.’’

मला वाटलं, आता विचारून टाकावं. लोकांच्या भानगडीत पडू नये हे मला कळतं, पण ही दोघं माझ्या डोळ्यांसमोर अशी सुटी सुटी झालेली मला बघवत नव्हती. मला ती दोघंही आवडायला लागली होती, हे खरं कारण. मी म्हटलं, ‘‘काकू, खुंट आता मजबूत झालाय. मी स्वतः बसून आलोय, सगळ्या कॉलेजनं पाहिलंय. तुम्ही का बसत नाही?’’

काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. ‘‘गाडी मोडली म्हणून नाय हो सर. लोखंड हाय, मोडणारच. मी पडले. कोपरातनं रगत येत हुतं, डबा पालथा, लाडू रस्ताभर. हे उतरले आन् सरळ चाकाकडं वाकले. मला म्हणतात, खुंट मुळातनं गेला. मी म्हणलं, बरं, बघा मग तुमचा खुंट. उठले, टमाट्याच्या टेम्पोला हात केला आन् गेले माहेरी. यांनी मान वर केली तवा मी टेम्पोत हुते.’’

एवढं सांगून त्यांनी चष्मा लावला आणि मशीन सुरू केलं.

संध्याकाळी काका गच्चीवर टाकी वाजवायला आले. मी आधीच फळ्यावरच्या चित्रानं तापलेलो. म्हटलं, ‘‘काका, तुम्ही कमाल माणूस आहात. बायको रस्त्यात पडते आणि तुम्ही खुंट बघता. आकृत्या कसल्या काढताय? त्यांना खुंटाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही त्यांच्याकडं आधी पाहिलं नाही, एवढंच आहे.’’

आणि तेव्हा ते बसले. जिन्याच्या वरच्या पायरीवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. मी घाबरलो, वाटलं काही होतंय की काय त्यांना. पाणी आणलं तर घेतलं नाही.

‘‘मला माहीत होतं, सर,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘सकाळी वाजवला होता तो खुंट. बद्द बोलला.’’ हातोडी त्यांच्या हातात होती, पण ते ती कशावर मारत नव्हते. ‘‘वास्तुशांतीला उशीर होत होता. ती तयार होऊन उभी. म्हटलं, सायखेड्यापर्यंत तगेल. परत आल्यावर जोडू. म्हणून पडल्या पडल्या खुंटाकडं गेलो. दुसरं काही मोडलं असेल, माझा कान चुकला असेल, असं वाटत होतं. नव्हता चुकला.’’

तीस वर्षं ज्या कानावर माणूस जगला, त्या कानाचं त्यानं एकदाच ऐकलं नाही, आणि नेमकं तेव्हाच बायको मागं होती. मी म्हटलं, ‘‘हे मला सांगून काय उपयोग.’’

ते उठले आणि खाली गेले. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. भोचकपणा म्हणा, मला मान्य आहे. काकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच, कमी नाही जास्त नाही. काकू भाकऱ्या थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. मग त्या म्हणाल्या, ‘‘म्हंजे त्या दिवशी दोनदा नाय बघितलं माझ्याकडं.’’ आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्यानंतर घरात जी शांतता झाली, ती मी खोली घेताना मागितली होती. टक टक बंद. सकाळी सहाला जिन्यात पावलं नाहीत. नळ गळत होता तो गळत राहिला. काका अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, हात मागं बांधून. रविवारी एसटीच्या मागंही जाईनात, काकू एकट्या जाऊन एकट्या येत. मला पुस्तक उघडून एक पान वाचणं होईना. शेवटी मीच एकदा खाली जाऊन म्हटलं, माझी बिजागरी वाजतेय. ते म्हणाले, ‘‘तेल घाला.’’

दोन-अडीच आठवड्यांनी एका सकाळी ते गाडीची बॅटरी आणि पेट्रोलची टाकी घेऊन वर आले. वेल्डिंगच्या आधी या दोन्ही गोष्टी काढाव्याच लागतात, आणि ठेवायला सगळ्यांत सुरक्षित जागा म्हणे माझी कॉट. आठवडाभर मी पेट्रोलच्या वासात झोपलो आणि मला त्याचा आनंदच होता.

या खेपेला त्यांनी जुनं वेल्डिंग सगळं कापून काढलं. दोन बाजूंना दोन सुटे खुंट ठेवण्याऐवजी लेथवर एक लांब सळई कातून आणली, तिच्यासाठी सांगाड्यात आडवी नळी बसवली, आणि सळई डावीकडून उजवीकडं आरपार घातली. तिच्या दोन टोकांना दोन शॉकअप. नळीच्या मुळाशी त्रिकोणी पट्ट्या. तीन दिवस वेल्डरच्या डोक्यावर उभे होते, त्यानं हात जोडले असतील. ‘‘आता डाव्यावर पडलेला भार थोडा उजव्यालाही जाईल,’’ मला दाखवत ते म्हणाले. ‘‘एकट्यावर नाही.’’

शिवाय गाडीला आणखी एक वस्तू आली होती. डावीकडं आरसा. त्या काळी बहुतेकांच्या गाडीला उजवीकडंच एक असायचा, आणि त्यातही लोक भांग पाडायचे. या डाव्या आरशाचं तोंड मला विचित्र वाटलं. मी वाकून पाहिलं तर त्यात रस्ता दिसेना, मागची सीट दिसत होती. म्हटलं, ‘‘काका, हा सैल आहे. आत वळलाय.’’

‘‘सैल नाही,’’ ते म्हणाले. ‘‘रस्त्याला उजवा आहे.’’

मला तेव्हाही कळलं नाही. कॉमर्सचा माणूस.

रविवार आला. काकू पिशवी घेऊन बाहेर पडल्या. काका गाडीपाशी उभे, हातोडीनं एकेक भाग वाजवत. काकांनी बोलावलं नाही की काही विचारलं नाही. काकू गेटपर्यंत गेल्या. मी गच्चीच्या कठड्यावर ओणवा होऊन बघत होतो आणि मनात म्हणत होतो, अहो बोला, निदान आज तरी तोंडानं बोला. काकांची हातोडी डाव्या खुंटावर आली. टण्ण. चांगला घणघणीत आवाज, मला वर ऐकू आला.

काकू गेटाशी थांबल्या. वळल्या. पिशवी कट्ट्यावर ठेवून त्यांनी हात पुढं केला. ‘‘द्या इकडं,’’ म्हणाल्या.

त्या घरात ती हातोडी दुसऱ्या कुणाच्या हातात मी कधी पाहिली नव्हती. काकूंनी आधी उजवा वाजवला. मग डावा. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा, मान एका बाजूला कलती करून, कलिंगड बघावं तसा. काका शेजारी उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांचं लक्ष लोखंडाकडं नव्हतं. ते काकूंच्या तोंडाकडं बघत होते.

‘‘दोन्हीकडं सारखाच बोलतोय,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पुन्हा बद्द बोलला तर मला सांगायचं. उशीर होत असला तरी.’’

‘‘हो.’’

काकूंनी हातोडी त्यांच्या खिशात घातली, पिशवी घेतली आणि काका पुढं बसल्यावर त्या मागं बसल्या. डावीकडंच, नेहमीसारख्या. बसताना त्यांना आरसा दिसला, आणि आरशातून त्यांच्याकडं बघणारे काका. त्यांनी क्षणभर पाहिलं. मग हात लांब करून बोटानं तो बाहेरच्या बाजूला ढकलला.

‘‘रस्त्याकडं बघा,’’ म्हणाल्या. ‘‘नायतर परत पाडाल.’’

माझ्या कपबश्या वाजल्या आणि गाडी निघाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेव्हा एक उंच गतिरोधक होता. मी श्वास धरून बघत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पुढचं चाक चढलं, उतरलं. मागचं चढलं, दबलं आणि नीट वर आलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. मग काकांचा डावा हात मुठीवरून सुटला आणि त्यांनी आरसा पुन्हा आत वळवला. काकूंनी तो या वेळी तसाच राहू दिला. पदर तेवढा डोक्यावरून नीट घेतला.